मागच्या चाकांवरचं वजन

त्या हिवाळ्यात स्लीव्ह ब्लूमच्या आयरिश डोंगरउतारांवर बर्फ थोडा पडला आणि काचच फार पडली. रात्री पाऊस भुरभुरायचा, पहाटे जागच्या जागी गोठायचा आणि सकाळी रस्ता असा चकचकायचा, की वाटावं पाहुणे येणार म्हणून कुणी पुसून ठेवलाय. पाहुणे कुणाकडेच येणार नव्हते. दोन हजार एकवीसचा जानेवारी होता. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायचं नाही, दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम होता. हुकमातून ज्यांना सूट होती त्यांच्यात डॉक्टर होते, नर्सा होत्या आणि नंदकुमार शेजवळ होता.

नंदकुमार पॉरिकच्या दुकानाचा माल घरोघर पोचवायचा. गावात दुकान ते एकच. खिळे, दूध, गुरांचं खाद्य, गॅसचे सिलिंडर आणि मेलेल्याच्या घरी पाठवायची कार्डं एकाच काउंटरवर मिळत. मागच्या उन्हाळ्यापर्यंत नंदकुमार कॅथेटर बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता. साथीमुळे लोकांनी हृदयाची ऑपरेशनं पुढे ढकलली, आणि कारखान्याने नंदकुमारला बाहेर. पूर्णिमाची, म्हणजे बायकोची, औषधांच्या कंपनीतली नोकरी शाबूत होती. चूल पेटत होती. पण सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून हा बाबा डायनिंग टेबलाशी बसायचा आणि दुपारपर्यंत मसाल्यांच्या बरण्या उंचीनुसार लावायचा, तेव्हा पूर्णिमाच म्हणाली, "अरे, त्या पॉरिकचा ड्रायव्हर कंबर धरून बसलाय म्हणे. जा की दोन महिने. निदान बरण्या तरी सुटतील."

ते दोन महिने सप्टेंबरात सुरू झाले होते.

चिंचवडला आईला त्याने 'लॉजिस्टिक्समध्ये आहे' असं सांगितलं होतं. खोटं नव्हतंच. लॉजिस्टिक्स म्हणजे सिलिंडर तिरपा करून बुडाच्या कडीवर गरागरा फिरवत न्यायचा, ब्रिकेटचे गठ्ठे खांद्यावर टाकायचे. पीटची, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती दाबून केलेल्या त्या जळणाच्या विटा, आणि गठ्ठ्याची प्लॅस्टिकची पट्टी बोटांत अशी रुतायची की रात्री भाकरी मोडताना त्याचा हात पूर्णिमा बघायची आणि बघितलं नाही असं दाखवायची. गिऱ्हाइकं खिडकीतून हात हलवायची. तो फाटकाबाहेर गेला की फडकं आणि जंतुनाशक घेऊन बाहेर यायची आणि त्याने धरलेली प्रत्येक जागा पुसून काढायची. साथ होती, पुसणारच. तरी गाडीच्या आरशात ते पुसणं दिसायचं आणि आरसा काही काढून ठेवता येत नव्हता.

पिकअप जुनी होती. जोर फक्त मागच्या चाकांना, आणि मागचा हौदा रिकामा असला की ती चाकं जमिनीला टेकतात न टेकतात अशी. नोव्हेंबरात पॉरिकने रेतीची सहा पोती दाखवली होती. "ही मागच्या आसावर टाक. अगदी मागे फळीशी नको, नाहीतर पुढून उचलेल. मार्चपर्यंत काढू नकोस."

नंदकुमारने टाकली. पण डिसेंबरात थंडी वाढली, जळणाच्या ऑर्डरी वाढल्या, आणि रेतीने अडवलेली जागा त्याच्या डोळ्यांत खुपायला लागली. इंजिनिअरला जागा वाया गेलेली बघवत नाही. त्याने पॉरिकला समजावलं, की माल म्हणजेच वजन. सकाळी हौदा सिलिंडर आणि ब्रिकेटनी भरलेला असतो, मग रेतीला फुकट फिरवून आणण्यात काय अर्थ? रेती काढली तर दोन फेऱ्यांचं काम एका फेरीत होतं.

पॉरिकने टोपी मागे सारून डोकं खाजवलं. "इंजिनिअर तू आहेस," तो म्हणाला. हे मान्य करणं नव्हतं, हे नंदकुमारला फार नंतर कळलं.

आता फेरीचा क्रम. गावाजवळची घरं आधी, मग कालव्याकडची, आणि सगळ्यांत शेवटी डोंगरावरचं ब्रायडी फेलनचं. नकाशावर हा क्रम बरा दिसायचा, पण तो नकाशावरून ठरलेला नव्हताच. लहानपणी दिवाळीच्या फराळाची ताटं पोचवायला आई त्याला पाठवायची, तेव्हा सांगायची, "जिथं टेकायचं ते घर शेवटी ठेव. नाहीतर तिथंच बसशील आणि बाकीच्यांचे लाडू संध्याकाळी पोचतील." ब्रायडीचं घर टेकायचं होतं. अख्ख्या फेरीत ते एकच.

ब्रायडी चौऱ्याऐंशीची, एकटी, काटकुळी. बोलायला लागली की समोरच्याला फक्त श्वास घ्यायचं काम उरायचं. पहिल्याच दिवशी तिने त्याला फाटकावर थांबू दिलं नव्हतं.

"आत ये आणि खिडकीशी बस. खिडकी उघडी आहे, मी इकडे गॅसच्या शेगडीपाशी. मध्ये टेबल आहे. या टेबलापलीकडे माझा नवरा चाळीस वर्षं पोचला नाही, तुझा रोग काय पोचतोय!"

मार्चपासून नंदकुमार कुणाच्या घरात बसला नव्हता. चहा काळाकुट्ट असायचा, सोबत जाड लोण्याचा ब्रेड. फायरप्लेसमध्ये विस्तव असायचा. ती त्याला नॅन्डी म्हणायची आणि वाटेल ते विचारायची. तुमच्याकडे मेलेल्याजवळ रात्रभर बसतात का? बायकोने तुला निवडलं की तिच्या आईने? एवढं शिकलास आणि सिलिंडर ढकलतोस, राग येतो का?

"येतो," तो म्हणाला होता. हे त्याने दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं.

"चांगलं आहे. राग असला की माणूस लवकर उठतो."

घरी पूर्णिमा विचारायची, "काय म्हणते तुझी मैत्रीण?" तो सांगायचा, आणि तेवढा वेळ घरात कुणीतरी आल्यासारखं वाटायचं.

त्या शुक्रवारी सकाळपासून आभाळ खाली आलं होतं. ऑर्डरी तुडुंब होत्या. गठ्ठे रचता रचता हौद्याची कडा दिसेनाशी झाली आणि भरलेली पिकअप गोठलेल्या रस्त्यावरून हत्तीसारखी निघाली. नंदकुमारला मनातल्या मनात बरं वाटलं. गणित बरोबर होतं. कालव्याकडची घरं होता होता हौदा उतरत गेला. दुपार कलली तेव्हा मागे दोनच वस्तू उरल्या, ब्रायडीचा सिलिंडर आणि ब्रिकेटचा एक गठ्ठा. गुरुवारीच तिने दुकानात फोन केला होता, की जळण संपत आलंय, गॅस आजउद्या जाईल.

डोंगरावर जाणारी बोरीन म्हणजे एक गाडी जेमतेम मावेल अशी, दोन्ही बाजूंना रचीव दगडांची भिंत असलेली वाट. मध्ये गवताची शेंडी, चाकांच्या दोन्ही पट्ट्यांवर काच. नंदकुमारने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातली. पहिल्या वळणापर्यंत ती गेली. वळणावर मागची चाकं जागच्या जागी गरगरली, गाडीचं बूड हळूच डावीकडे सरकलं, आणि ती आल्या वाटेने, अगदी सावकाश, लाज वाटल्यासारखी मागे घसरत येऊन भिंतीला टेकली.

त्याने पुन्हा चढवून पाहिली. चाकांखाली रबरी पायपोस टाकला, तो चाकांनी मागे भिरकावून दिला. अंगातलं जुन्या कारखान्याचं जॅकेट काढून टाकलं, तेही गेलं. सिलिंडर ढकलत आणून बरोबर आसावर उभा बांधला. गाडी वळणापर्यंत जाई आणि परत येई.

वजन हवं होतं. आजूबाजूला वजनच वजन होतं. भिंतीचे दगड.

वरचे, सुटे दिसणारे आठदहा दगड त्याने हौद्यात टाकले. बोटं बधिर होती, त्यामुळे नख उलटलं ते रक्त दिसल्यावर कळलं. पुढच्या दगडाला हात घातला तेवढ्यात मागून चारचाकी मोटारसायकलचा आवाज आला. डिनी कोफी. खालच्या शेताचा मालक, साठीचा, रुंद, मफलर नाकापर्यंत.

"कामाला लागलास म्हणायचा," डिनी म्हणाला.

"गाडी चढत नाहीये. वजनासाठी घेतोय. येताना परत लावतो, जसेच्या तसे."

"जसेच्या तसे." डिनीने मान हलवली. "माझ्या आज्याने रचलीय ती भिंत. मेंढ्या आहेत माझ्या आत. त्या थांबतील का, तू येईपर्यंत?"

"मिस्टर कोफी, वर जळण नाहीये. तुमचा ट्रॅक्टर आहे. एवढा सिलिंडर आणि गठ्ठा…"

"त्या वाटेने मी जात नाही."

हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. वरच्या माळाकडे जायची डिनीची वाट ब्रायडीच्या अंगणातून जाते की जात नाही, यावर तिचा नवरा आणि डिनीचा बाप कोर्टात गेले होते. दोघेही मेले. निकाल लागला होता, पण कुणाच्या बाजूने लागला ते आता कुणाला नक्की सांगता येत नव्हतं. बोलणं मात्र तेव्हापासून बंद होतं.

"ती एकटी आहे," नंदकुमार म्हणाला.

"तिला तसंच आवडतं." डिनीने मोटारसायकल बंद केली. "दगड लाव."

नंदकुमारने लावले. आठदहा दगड उतरवायला जेवढा वेळ लागला त्याच्या तिप्पट लावायला लागला, कारण भिंतीत प्रत्येक दगडाची ठरलेली खाच असते आणि चुकीचा दगड बसतच नाही. डिनी हात खिशात घालून बसून होता. मध्येच म्हणायचा, "तो नाही. तो चपटा." मास्टर्स केलेल्या माणसाने चपटा शोधला. शेवटचा दगड बसला तेव्हा उजेड विझत आला होता.

"हं," डिनी म्हणाला, आणि गेला.

मग नंदकुमारने गठ्ठा खांद्यावर घेतला आणि पायी निघाला. मैलभराची चढण. गवताच्या शेंडीवरून चाललं तर जमेल असं वाटलं, आणि थोडं जमलंही. दुसऱ्या वळणावर पाय गेला. तो कोपरावर पडला, पट्टी तुटली आणि ब्रिकेट उतारावरून एकामागून एक घसरत अंधारात गेल्या. आवाज बराच वेळ येत राहिला.

तिथेच बसून त्याने फोन लावला.

"ब्रायडी, मी खाली अडकलोय. गाडी येत नाहीये."

"अरे देवा, मग मान मोडून घेऊ नकोस. मी ग्रँड आहे, ठणठणीत."

"जळण आहे का?"

"आहे, आहे. भरपूर. ब्लँकेटं आहेत. तू घरी जा, बायको वाट बघत असेल. उद्या ये."

"सकाळी पहिला तुझ्याकडे येतो."

"सकाळी? मग नाश्त्याचं बघते," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा होता. थोडा सावकाश, पण थंडीत कोण भरभर बोलतं.

दुकानात पॉरिकलाही त्याने सांगितलं. पॉरिक म्हणाला, "ब्रायडी? ब्याऐंशीच्या हिमवादळात ती बाई आठवडाभर मेंढ्यांबरोबर राहिलीय. तुला-मला पुरून उरेल. सकाळी जा."

घरी पूर्णिमाने त्याच्या कोपराला पाणी लावलं, नख कापलं. निवेदिता, त्यांची मुलगी, लॅपटॉपवरून मान वर करून "ओह डॅड, द स्टेट ऑफ यू! काय ही दशा," म्हणाली आणि स्वतःहून चहा करायला उठली.

"अजून कुणाला सांगितलंस का?" पूर्णिमाने विचारलं. "गार्डांना वगैरे? एकटी बाई आहे रे."

"ती म्हणाली ठीक आहे."

"आपल्या आयापण फोनवर ठीक आहे म्हणतात."

नंदकुमारला ते पटलं होतं. तो थकलेला होता, पॉरिक या डोंगरात जन्मलेला होता, आणि भर अंधारात परक्या माणसाने गार्डांना, म्हणजे इथल्या पोलिसांना, फोन करून गावच्या बाईबद्दल कांगावा करायचा, पुन्हा दगडांची गोष्ट निघायची, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढे आलं. हिटर चालू होता. त्याला झोप लागली. लागायला नको होती असं पुढे त्याला वाटत राहिलं, पण लागली खरी.

शनिवारी त्याने रेतीची सहाही पोती आसावर टाकली, त्यावर आख्ख्या दिवसाचा माल, आणि पहिला डोंगर धरला. पिकअप एकदाही न चाचरता वर गेली. वळणावर तिने वळण असल्याची दखलसुद्धा घेतली नाही. इतकं सोपं होतं ते.

दार लोटलेलं होतं. "ब्रायडी?" तो आत शिरला आणि खिडकीशी नेहमीच्या जागी थांबला.

ती शेगडीजवळच्या खुर्चीत होती. अंगात कोट, कोटावर नवऱ्याचा कोट, पायांवर ब्लँकेट. डोकं एका बाजूला. आत बाहेरच्यापेक्षा जास्त गार होतं. सहा फुटांचा नियम मोडून नंदकुमार पहिल्यांदा टेबलापलीकडे गेला, गुडघ्यावर बसला आणि तिच्या हाताला हात लावला. मग हात काढून घेतला.

टेबलावर दोन कप पालथे होते. ब्रेड कापून फडक्याखाली झाकलेला, लोणी बाहेर काढून ठेवलेलं.

मग त्याला फायरप्लेस दिसली. तिथे राख नव्हती, लख्ख झाडून काढली होती. चोळामोळा केलेला कागद, त्यावर काटक्या, काटक्यांवर उभ्या टेकवलेल्या चार ब्रिकेट. बाजूला काड्यापेटी. कोपऱ्यातल्या टोपलीत पीटचा भुगा तेवढा उरला होता. भरपूर जळण म्हणजे हे होतं. चार ब्रिकेट. आदल्या दिवसापासून तिने त्या पेटवल्या नव्हत्या. माणूस येणार होता. येणाऱ्याला घर उबदार लागायला हवं.

नंदकुमारने काडी ओढली आणि कागदाला लावली.

का, ते त्याला सांगता आलं नसतं. मांडलेलं ताट तसंच टाकून उठू नये, एवढंच काहीसं होतं. काटक्या तडतडल्या, ब्रिकेटना कडेने लाली चढली. तो खिडकीशी जाऊन आपल्या खुर्चीत बसला आणि तिथून त्याने डॉक्टरांना, गार्डांना, सगळ्यांना फोन केले.

लोक यायला वेळ लागला. रस्ता तसाच होता. तोवर खोली चांगली तापली. डॉक्टर बाई आल्या, तपासून म्हणाल्या, हृदय असावं, या वयात होतं. बरोबर तरुण गार्ड होता, याच परगण्यातला. त्याने टोपी काढली, क्रूस केला आणि नकळत दोन्ही तळवे विस्तवाकडे केले.

"चला," तो हळू म्हणाला, "निदान उबेत गेली."

नंदकुमार उठला. "विस्तव…" तो म्हणाला.

"तूच आणलंस ना जळण? देव तुझं भलं करो." गार्डाने त्याच्या दंडाला लावायला हात पुढे केला, साथ आठवून मागे घेतला. तेवढ्यात त्याच्या वायरलेसवर कुणी बोलायला लागलं आणि तो बाहेर गेला.

संध्याकाळी नंदकुमारने पॉरिकला खरं काय ते सांगितलं. पॉरिक काउंटर पुसत होता. पुसायचं थांबला.

"कुणाला बोललास?"

"पूर्णिमाला."

"बास तिथेच. नेव्हनहून तिचा पुतण्या येतोय. गार्डाने त्याला फोनवर सांगितलंय, तो रडला म्हणे. बरं वाटलं त्याला." पॉरिक पुन्हा पुसायला लागला. "गावालाही बरं वाटलंय. राहू दे."

आणि खरंच, गावाला फार बरं वाटलं होतं. आठवडाभर जो तो फाटकाशी येऊन नंदकुमारला थांबवायचा. जंतुनाशकाने पुसणाऱ्यांतल्या एका बाईने केक दिला. तू होतास म्हणून, सगळे म्हणायचे. इतकी वर्षं या देशात राहून त्याचं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं. तो "थँक्यू" म्हणायचा, गाडीत बसायचा, आणि पुढच्या घरी जायचा.

अंत्यविधीला चर्चमध्ये दहाच माणसांना परवानगी होती. बाकीचा गाव रस्त्याच्या कडेला उभा राहिला, एकमेकांपासून दोन-दोन हात अंतर ठेवून, टोप्या हातात. पूर्णिमा आणि निवेदिता चौकाजवळ होत्या. नंदकुमारला फेरी होती, म्हणून त्याने पिकअप बोरीनच्या तोंडाशी लावली आणि तिथेच उतरून उभा राहिला.

थोड्या वेळाने डिनी कोफी शेतातून आला. दाढी केलेली, अंगात काळा कोट, पायात मात्र गोठ्यातले बूट. तो रस्त्यापलीकडे उभा राहिला. शववाहिनी अजून दिसत नव्हती. डिनीने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा पायांकडे. मग रस्ता ओलांडून मध्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"ऐक," तो म्हणाला. घसा खाकरला. "तिच्याकडे विस्तव होता म्हणतात. त्या रात्री."

नंदकुमारने त्याच्याकडे पाहिलं. त्या माणसाचे ओठ थंडीने निळे पडले होते, आणि तो नंदकुमारच्या तोंडाकडे असा बघत होता, जसं डॉक्टरच्या तोंडाकडे बघतात. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य नंदकुमारच्या जिभेवर होतं, दोन्ही भाषांत. त्या वाक्यात डिनीचा ट्रॅक्टर होता, आणि नंदकुमारची रात्रीची झोपही होती.

"होता," नंदकुमार म्हणाला.

"चांगला?"

"चांगला होता."

डिनीने मान हलवली. पुन्हा हलवली. मग तो आपल्या बाजूला परत गेला नाही. दोन हात अंतर सोडून नंदकुमारच्याच शेजारी येऊन उभा राहिला. वळणावर काळी गाडी दिसली, अगदी सावकाश येणारी, आणि दोघांनीही माना खाली घातल्या.